वाळवायचं काम माझं

४ जानेवारी, सोमवार

दुकानाच्या कामाच्या वहीची मागची पानं कोरी पडली होती, त्यांवर लिहायला घेतलं आहे. पुढच्या पानांवर यांचं अक्षर आहे. कुणाची सायकल, कुठे दुखतं, काय केलं. दुरुस्तीला आलेल्या सायकलीला हे पाहुणा म्हणायचे. पाहुण्याला आपल्या घरात बदलायचं नसतं, जपून परत पाठवायचं असतं. हे जाऊन पंधरा महिने होत आले. तेव्हापासून मी पंक्चर, ब्रेक, चेन एवढंच करते आहे.

आज खरा पाहुणा आला. मोजणीवाले घेऊन आले. जन्मभर जमिनी मोजल्या म्हणून सगळे त्यांना मोजणीवालेच म्हणतात. सायकल चाळीस वर्षांची. नळ्यांना हिरवा रंग, पण सांध्यांना, मागच्या टोकांना आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला क्रोम. चिमट्याच्या उजव्या पायावर बोटभर लांब खाच पडली आहे. मोजणीची साखळी तिथे लटकवून हे गृहस्थ तीस वर्षं हिंडले.

"नवी करू नका," म्हणाले. "आहे ती टिकवा. या खाचेत माझी सगळी नोकरी आहे."

सायकल चालवणार आहे त्यांची नात. आजोबा तिला भिंगरी म्हणतात आणि ती आहेही तशीच, एका जागी पाय ठरत नाही. येत्या ३१ तारखेला शंभर किलोमीटरची फेरी आहे, डोंगर चढून पलीकडे उतरायचं. तो उतार मला माहीत आहे. शेवटच्या वळणावर दगडी भिंत आहे. हे तिथेच गेले. भिंतीवर आदळून चिमटा मोडला, असा पोलिसांचा कागद आहे. मी त्या बाजूला अजून फिरकलेले नाही.

मोजणीवाल्यांनाही हे माहीत होतं. जरा घुटमळून म्हणाले, नको वाटत असेल तर मोकळेपणाने सांगा. मी म्हटलं, ठेवून जा. ही सायकल त्या उतारावरून धड खाली आली पाहिजे. दुसरं काही नको.

६ जानेवारी, बुधवार

सायकल पूर्ण उघडली. चिमटा वेगळा काढला. जुन्या क्रोमचं काम यांनी मला शेजारी बसवून शिकवलं होतं. क्रोम निळसर पांढरं, त्याच्या खाली निकेल पिवळसर, त्याच्या खाली लोखंड. पिवळसर दिसलं की हात हलका करायचा.

आधी साबणाच्या पाण्याने धुतलं. मग अ‍ॅल्युमिनियमचा पातळ कागद चुरगळून, पाण्यात बुडवून, गंजाच्या ठिपक्यांवरून गोल गोल फिरवला. गंज काळा चिखल होऊन सुटतो, क्रोमला ओरखडा येत नाही. मग यांच्या जुन्या बनियनने पुसून हेअर ड्रायरने वाळवलं, सांध्याच्या फटीत, स्क्रूच्या भोकात, सगळीकडे. आमच्या कामाचा अर्धा जीव वाळवण्यात आहे. वरून लाखेसारखं काही चढवायचं नाही, आत राहिलेली ओल लोखंड खाते. नुसतं मेण, तेही पातळ.

सगळं नीट चाललं होतं आणि माझंच चुकलं. डाव्या पायावर एक ठिपका सुटेना, मी हट्टाला पेटले, आणि बघता बघता पिवळसरही गेलं. मसुराच्या डाळीएवढं उघडं लोखंड. हे असते तर बोलले नसते, नुसतं माझ्या हातातून फडकं काढून घेतलं असतं.

नेमकी भिंगरी आली. मी लपवलं नाही, दाखवलं. ती म्हणाली, काकू, मग सगळं नवीनच चढवू या की. मी तिला सांगितलं की आजोबांना ते नको आहे. पण तेवढ्यावर थांबले नाही. माहेरची बढाई कुठल्या बाईला चुकली आहे? माझा मोठा भाऊ, दादा, प्लेटिंगचा कारखाना चालवतो. त्याच्या हातचं क्रोम म्हणजे आरसा. यांच्या वाढदिवसाला मी यांच्या नकळत यांच्या सायकलीचा चिमटा त्याच्याकडून करून घेतला होता. दादा म्हणत होता, उद्या ने, अजून भट्टीत ठेवायचा आहे. मी म्हटलं, वाढदिवस उद्या आहे, आजच दे, वाळवायचं काम माझं. घरी आणून ड्रायरने चांगला अर्धा तास वाळवला. दुसऱ्या दिवशी चिमट्यात तोंड बघत हे म्हणाले, आता दाढी इथेच करतो.

भिंगरी हसली. मीही हसले. यांच्याबद्दल बोलून हसले, पुष्कळ दिवसांनी.

९ जानेवारी, शनिवार

दादा भाजी घेऊन आला. हे गेल्यापासून एक शनिवार चुकवलेला नाही. नळ गळत असेल तर नळ, बिजागरी निखळली असेल तर बिजागरी, करून जातो. दुकानात मात्र येत नाही, बाहेरच्या बाकावर बसतो. धुळीने शिंक येते म्हणतो. तीस वर्षं तेजाबाच्या वाफेत काढलेल्या माणसाला आमच्या धुळीने शिंक येते.

बाकावरून त्याला चिमटा दिसला. विचारलं, "हा प्लेटिंगला नाही ना यायचा?" मी नाही म्हटलं तर त्याने श्वास सोडला. धंदा टळला म्हणून खूश होणारा धंदेवाला मी पहिल्यांदाच पाहिला. सायकलींचं काम त्याने कधीच बंद केलं आहे, आता फक्त नळ आणि दारांच्या कड्या. वय झालं, दुसरं काय.

जाताना पुन्हा तेच विचारलं, यांच्या सायकलीचा तो मोडका चिमटा अजून माळ्यावरच आहे का. आहे, पोत्यात. भंगारात देतो म्हणाला, कशाला डोळ्यांसमोर. मी म्हटलं, माळ्यावरचं डोळ्यांसमोर कसं असेल? माझ्यापेक्षा त्यालाच जास्त लागलं आहे की काय, असं कधी कधी वाटतं. यांच्यावर फार जीव होता त्याचा.

१२ जानेवारी, मंगळवार

मेण लावून झालं. आधी ड्रायरने धातू कोमट करायचा, म्हणजे मेण बारीक भेगांत उतरतं. मग गार होऊ द्यायचं आणि बनियनने घासायचं. मसुराएवढ्या जागी तीनदा मेण भरलं. डाग दिसतो, पण आता गंजणार नाही.

सायकल नवी दिसत नाही. कुणीतरी तिची काळजी घेतली आहे, अशी दिसते. बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. आज वाटलं, दुकान मला झेपेल.

१४ जानेवारी, गुरुवार

भिंगरी चिमटा घेऊन गेली. आजोबांना दाखवून आणते म्हणाली. मी वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

१६ जानेवारी, शनिवार

दादा आला नाही. वहिनीचा फोन, कंबर धरली आहे, आठवडाभर अंथरुणात आहेत, कारखाना कारागिरावर सोडला आहे. भाजी मीच आणली. बाक रिकामा बघून उगाच चुकल्यासारखं झालं.

१८ जानेवारी, सोमवार

काय लिहू? भिंगरी चिमटा घेऊन आली, तो वर्तमानपत्रातून काढला आणि मला माझं तोंड त्यात दिसलं. नवं क्रोम. पोरीने दादाचा कारखाना शोधून काढला आणि कारागिराकडून करून आणला. खाच घासून सपाट केली आहे. मसुराएवढा डागही गेला. म्हणाली, तो डाग आजोबांना दिसला असता तर तुम्हाला वाईट वाटलं असतं ना.

माझ्यासाठी केलं. रागवायचं तरी कसं?

मोजणीवाले मागून आले. खाच जिथे होती तिथून त्यांनी दोनदा अंगठा फिरवला. मग नातीला म्हणाले, "बरं झालं. आता ही तुझी झाली." पोरीला ते खरंच वाटलं. मला मात्र त्यांचा अंगठा दिसत होता, तो तिसऱ्यांदा फिरला आणि कुठे थांबायचं ते त्याला कळेना.

जोडून ठेवते म्हटलं. आज हात चालला नाही.

१९ जानेवारी, मंगळवार

मंगळवार असून दादा आला. कंबरेला पट्टा, काठी टेकत. कारागिराने त्याला आज सांगितलं म्हणे. बाकावर बसलासुद्धा नाही. विचारलं, चिमटा जोडला का? मी म्हटलं, उद्या जोडेन. तर फोन काढून कारागिराला लावला आणि माझ्यासमोरच विचारू लागला, भट्टीत किती वेळ ठेवलास? पलीकडून काहीतरी उत्तर आलं. "तासभर?" दादा म्हणाला आणि भिंतीला हात टेकला.

मग मला म्हणाला, "माई, हा जोडू नकोस. मी दुसरा आणून देतो." का, ते सांगेना. मी म्हटलं, कोरडा खडखडीत आहे, आणि वाटलंच तर मी पुन्हा वाळवते, यांचा नाही का वाळवला होता. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी त्याच्यावर हात उगारला होता. काठी घेऊन निघून गेला. चहा तसाच राहिला.

स्वतःच्या कारखान्याचं काम बोटभर कमी झालं की याला असंच होतं. लहानपणी पतंग नीट झाला नाही तर फाडून टाकायचा. पण इतकं?

२० जानेवारी, बुधवार

चैन पडेना म्हणून यांचं धातुकामाचं जाड पुस्तक काढलं. चित्रं कमी म्हणून मी ते कधी उघडलं नव्हतं. मी शाळेत गेलेली नाही. लग्नानंतर स्पोकच्या पुड्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकले, मग डबे, मग सुट्या भागांच्या याद्या, मग हाताला लागेल ते. या पुस्तकाने दमवलं. एक पान तीनदा वाचावं लागलं.

त्यात लिहिलं आहे की तेजाबात बुडवताना आणि वीज सोडताना पोलादात एक वायू शिरतो. त्याने कडक पोलाद ठिसूळ होतं. वरून काही दिसत नाही. दर वेळी होतंच असं नाही. झालं तर लगेच मोडतं असंही नाही, वजन पडत राहिलं की काही दिवसांनी, एकदम. वायू बाहेर काढायला चढवल्यावर लगेच भट्टीत ठेवायचं, कित्येक तास. तासभर पुरत नाही.

त्या ओळींच्या कडेला पेन्सिलीने यांचं अक्षर आहे. "दादांना सांगितलं. ते करतात."

म्हणून दादा घाबरला. पोरीला काही झालं तर नाव जाईल. सरळ सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं त्याला?

आता काय करायचं? जोडायचा नाही, हे एक. पण मोडेल असं नक्की नाही, आणि मोजणीवाल्यांचा तो चिमटा आहे, नुसत्या पुस्तकावरून फेकायचा कसा? हे म्हणायचे, शंका आली तर ओझं टांगून ठेवावं. वाकलं तर कळतं आणि मोडलं तर उत्तमच कळतं, कारण वर कुणी बसलेलं नसतं.

२१ जानेवारी, गुरुवार

टांगला. चिमट्याचा दांडा लाकडी तुकड्यांत धरून वाइसमध्ये आडवा आवळला, दोन्ही पाय हवेत. टोकांत जुना अ‍ॅक्सल घातला आणि त्याला जुन्या चेनांनी भरलेल्या दोन बादल्या लटकवल्या. खाली गादीची गुंडाळी.

मोजणीवाले आणि भिंगरीला बोलावून पुस्तक वाचून दाखवलं. भिंगरी म्हणाली, काकू, तुम्ही त्याला फाशी दिलीत. आजोबांनी खिशातून पट्टी काढली आणि बादलीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं. रोज येऊन मोजेन म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. माणसाला त्याचं काम मिळालं की तो सावरतो.

भिंगरीने विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, आठवडा. तिने बोटांवर ३१ तारीख मोजली.

२२ जानेवारी, शुक्रवार

तसाच आहे. मोजणीवाल्यांच्या पट्टीत एका केसाचाही फरक नाही.

दुकानात काम करताना कान तिकडेच असतो. शेजारची शिवणवाली विचारून गेली, सायकलवाली आहेस की पाणीवाली, बादल्या काय टांगल्यास?

२३ जानेवारी, शनिवार

दादा आला, आणि पंधरा महिन्यांत पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आला. टांगलेला चिमटा बघून स्टुलावर बसला. तुला कुणी सांगितलं, म्हणाला. मी पुस्तक उघडून ते पान त्याच्यापुढे धरलं. ओळी त्याने वाचल्या नाहीत, त्या त्याला पाठ असणार. कडेची पेन्सिल वाचली. "दादांना सांगितलं. ते करतात." बोट ठेवून वाचली, मी नवी नवी वाचायचे तशी.

मी म्हटलं, बघ, यांचा किती भरवसा होता तुझ्यावर. त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं.

तो उठला आणि चालू लागला. भाजीची पिशवी स्टुलाशीच राहिली. मी हाक मारली, वळला नाही.

२५ जानेवारी, सोमवार

तसाच. भिंगरी रोज येते, बादल्यांकडे बघते आणि जाते. आज म्हणाली, काकू, हा चांगलाच असेल हो. दिसतोय किती छान! मी म्हटलं, हेही छान दिसत होते.

कुठून आलं हे तोंडात, कळत नाही. पोरगी गोंधळली. मीही गोंधळले.

दादाला फोन केला. वहिनीने घेतला. जेवत नाहीत धड, म्हणाली.

२७ जानेवारी, बुधवार

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मोडला.

मी चाकाचे स्पोक ओढत होते. मोठा आवाज होईल असं वाटलं होतं. झाला नाही. शिवताना सुई मोडते तेवढाच आवाज, आणि मग बादल्या गादीवर. डावा पाय मानेपाशी तुटला. जिथे तुटला तिथे मिठाच्या खड्यासारखं करडं आणि रवाळ. कुठे वाकणं नाही, पिळवटणं नाही. पाय पट्टी लावावी इतका सरळ.

भिंगरी ज्या खोगिरावर बसणार होती त्याच्याकडे बघत मी खाली बसले.

मग शिडी लावून माळ्यावर गेले. पोतं खाली आणलं. पंधरा महिने सोडलं नव्हतं, गाठ कापावी लागली.

यांचा डावा पाय मानेपाशी तुटलेला आहे. करडा, रवाळ. दोन्ही पाय सरळ. भिंतीवर आदळून मोडला असता तर पाय मागे वाकले असते. सायकली दुरुस्त करणाऱ्या घरात मी पंचवीस वर्षं आहे. भिंतीवर, खड्ड्यात, गाडीवर आदळलेले किती चिमटे पाहिले. एकही सरळ नव्हता.

भिंतीपर्यंत पोचायच्या आधीच तो मोडला होता.

क्रोम चढवलं १० ऑक्टोबरला. हे गेले १९ला. नऊ दिवस.

वाळवायचं काम माझं, असं म्हणून मी तो पिशवीत घातला होता.

२८ जानेवारी, गुरुवार

दोन्ही चिमटे पोत्यात घालून दादाच्या कारखान्यात गेले. हौदांच्या पलीकडे, भट्टीशेजारी बसला होता. पोतं बघूनच त्याला कळलं. कारागिराला त्याने बाहेर पाठवलं.

मी दोन्ही तुकडे त्याच्यापुढे ठेवले. त्याने हात लावला नाही.

म्हणाला, "पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला, माई."

मी विचारलं, कुठला पहिला दिवस?

"तू पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडलीस तो. वाटलं, दर वेळी कुठे काय होतं? मग नऊ दिवस रोज सकाळी ठरवायचो, आज फोन करतो, चिमटा उतरवून आण म्हणतो."

"मग?"

"तू खूश होतीस. फोनवर सांगत होतीस ना, ते त्यात दाढी करणार म्हणून."

हौदात बुडबुडे येत होते. तेवढाच आवाज. मग मी म्हटलं, भट्टी वाळवायला असते असं मला वाटायचं. तो म्हणाला, ठाऊक आहे. मी सांगायला हवं होतं. घाईत होतीस, म्हटलं हिला कशाला शास्त्र शिकवा.

मी रडले नाही. तो रडला. साठीचा माणूस, कंबरेला पट्टा, रडताना कंबर दुखत होती म्हणून मधेच थांबत होता. मी त्याची पाठ धरली. ते प्रेमाने की दुसऱ्या कशाने, मला सांगता येणार नाही. धरली एवढं खरं.

त्याला माफ केलं, असं इथे लिहिणार नाही. माफ करायला मी वेगळी उभी असायला हवी ना? पिशवीचे दोन बंद होते. एक त्याच्या हातात, एक माझ्या.

निघताना पोतं उचलायला गेले तर म्हणाला, राहू दे. मला वाटलं, आता भंगारात देणार. तर त्याने हातोडी घेतली आणि दोन्ही तुकडे भट्टीच्या वर भिंतीला ठोकले, दार उघडणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतील असे. कारागिराला हाक मारली आणि म्हणाला, हे रोज बघायचं.

२९ जानेवारी, शुक्रवार

भिंगरीला आणि मोजणीवाल्यांना सगळं सांगितलं. माझ्यासकट. भिंगरी पांढरी पडली. म्हणाली, मीच नेला ना तिथे. मी म्हटलं, आणि रस्ता कुणी दाखवला तुला?

मोजणीवाले म्हणाले, फेरी राहू दे. पोरीने सायकलीवरचा हात काढला नाही.

मी माझी सायकल मागून ओढत आणली. आकाशी रंगाची, यांनी जुळवून दिलेली. तिला मीही पंधरा महिने हात लावला नव्हता. तिचा चिमटा जुना आहे, त्याचं सायकल कंपनीतून आलं तेच क्रोम, तीस वर्षांपूर्वीचं. पुढे टोपली असायची, तिच्या तारेने घासून दोन्ही पायांवर पिवळसर पट्टे पडले आहेत. हे म्हणायचे, घरातल्या सायकलींना एकाच मापाचे चिमटे असावेत, एकाचा दुसऱ्याला उपयोगी पडतो. मोजणीवाल्यांनी मापं घेतली. दांडा दोन मिलिमीटर लांब, एक वॉशर टाकला की झालं. तडा कुठे नाही ना ते मी भिंग लावून पाहिलं, मोजणीवाल्यांनी पाहिलं, मग पुन्हा मी.

तोही टांगला. जास्त ओझ्याने. मनाला तेवढाच आधार.

३० जानेवारी, शनिवार

दादा आला नाही. मी वाट पाहिली नाही, असं लिहिलं तर खोटं होईल.

चिमटा उतरवला. धुतला, पुसला, वाळवला. ड्रायर हातात घेताना थांबले. मग घेतला. मेणासाठी कोमट करायचा होता. पट्ट्यांवर हात हलका ठेवला. जोडला. दोनदा आवळून पाहिला, मग तिसऱ्यांदा.

३१ जानेवारी, रविवार

सकाळी उताराच्या पायथ्याशी गेले. मोजणीवाल्यांनी येऊ नका म्हटलं, पण मला त्या भिंतीजवळच उभं राहायचं होतं. भिंत मला वाटत होती त्यापेक्षा ठेंगणी आहे, कंबरेइतकी. तिच्यावर शेवाळ आहे. इतके दिवस ती माझ्या डोक्यात केवढी मोठी झाली होती.

पहिल्या सायकली दहाच्या सुमाराला आल्या. वळणावर ब्रेक करकरायचे, मी दर वेळी भिंतीचा दगड धरायचे. मोजणीवाले घड्याळात बघत होते आणि मोठ्याने आकडे म्हणत होते, म्हणजे घाबरले होते. मधेच कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. काठी दिसली. दादा. किती अंतर चालत आला होता कोण जाणे, कपाळावर घाम होता.

दहा वाजून बावीस मिनिटांनी हिरवी सायकल वळणावर आली. भिंगरी पार खाली वाकली होती. आम्हाला तिने पाहिलंच नाही. वळणाच्या तोंडाशी एक खड्डा होता, पुढचं चाक त्यात गेलं, दणका बसला, दादाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली, आणि सायकल वर आली आणि तशीच पुढे गेली. ऊन होतं, पण चिमटा चमकला नाही. जुनं क्रोम तसं चमकत नाही. सपाट रस्त्याला लागेपर्यंत ती मला दिसत होती.

मोजणीवाले खाली बसले आणि पट्टी काढून उगाच भिंत मोजू लागले.

दादाने मनगट सोडलं. काठी सावरत म्हणाला, "शनिवारी येऊ का?"

मी म्हटलं, "ये. पण बाकावर नको बसूस. आत ये."

घरी आल्यावर धातुकामाचं पुस्तक काढलं. यांनी दादाला सांगितलं होतं, मला नाही. मीही विचारलं नव्हतं. यांच्या पेन्सिलीच्या खाली जागा होती. तिथे पेनने लिहिलं, पुसता येऊ नये म्हणून.

भट्टी वाळवण्यासाठी नसते.